पुढचं चाक का थरथरतं? शिमी समजून घेण्याची चाळीस वर्षं

विमानांच्या इतिहासावरच्या आपल्या या गप्पांमध्ये आतापर्यंत आपण बहुतेक वेळ आकाशातच होतो. आज जमिनीवर उतरू या. विमानाचं आयुष्य हवेत जातं हे खरं, पण त्याचे बरेचसे दुखणेबाणे जमिनीवर असताना होतात. आजचं दुखणं दिसायला लहान आहे. ते सुरू होऊन संपायला चार-पाच सेकंद लागतात. पण ते नेमकं काय आहे हे कळायला जगातल्या हुशार माणसांना चाळीसएक वर्षं लागली, आणि हँगरमध्ये आजही त्याचं निदान चुकीच्या टोकाकडून सुरू होतं.

सेसना १७२ हे चार माणसांचं छोटं विमान घ्या. ते उतरताना आधी पंखाखालची दोन मुख्य चाकं टेकतात. मग नाक खाली येतं आणि पुढचं चाक धावपट्टीला लागतं. एखाद्या दिवशी ते लागतं आणि पायाखालची रडर पेडल थडथडायला लागतात. समोरच्या पॅनेलवरचे काटे वाचता येत नाहीत, दरवाजे खडखडतात, वैमानिकाला वाटतं की पुढचं सगळं सुटून पडणार. वेग उतरतो आणि ते आपोआप थांबतं. पुढचं चाक या काळात सेकंदाला साधारण दहा ते तीस वेळा डावीकडे-उजवीकडे वळत असतं. याला शिमी म्हणतात.

मी हँगरमध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे. विमानं दुरुस्त करणं हा माझा पेशा आणि त्यांचा इतिहास हा माझा नाद. शिमीची तक्रार लॉगबुकात आली की मेकॅनिकचा पहिला हात शिमी डॅम्परकडे जातो, हे मी असंख्य वेळा पाहिलंय. साहजिक आहे, त्या भागाच्या नावातच शिमी आहे. पण तो हात आधी तिथे का जाऊ नये, हे मला कुठल्या मॅन्युअलपेक्षा इतिहासानं जास्त नीट शिकवलं. तोच इतिहास आज तुम्हाला सांगतो.

नाचाचं नाव चाकाला

शिमी हा मुळात एक नाच. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत अमेरिकेत तो फार गाजला. पाय जागेवर ठेवून खांदे झरझर थरथरवायचे, असा तो प्रकार. त्याच सुमाराला मोटारी वेगानं बदलत होत्या. साधारण १९२३ पासून कमी हवेचे, जाडजूड, मऊ टायर आले. त्यांना बलून टायर म्हणत. प्रवास मऊ झाला, लोक खूश झाले. त्याच काळात पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले. आणि एकाएकी चांगल्या-चांगल्या मोटारींची पुढची चाकं ठरावीक वेगाला थरथरायला लागली. चालकाच्या हातातलं स्टिअरिंग हिसके द्यायला लागलं. लोकांनी त्याला गाजत असलेल्या नाचाचं नाव दिलं, ते चिकटलं ते चिकटलंच.

सुरुवातीला प्रत्येकानं आपापला आरोपी शोधला. कुणी म्हणे चाकाचा तोल गेलाय, कुणी म्हणे स्टिअरिंगचे सांधे सैल आहेत, कुणी म्हणे रस्ताच खराब. १९२५ मध्ये जॉर्ज ब्रूलिये या फ्रेंच अभियंत्यानं फ्रान्सच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मोटारीच्या स्टिअरिंगवर आणि शिमीवर एक निबंध मांडला. त्यात त्यानं टायरकडे नव्यानं पाहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हवा भरलेला टायर बाजूनं रेटला तर तो लवचिकपणे वाकतो, आणि मग चाक ज्या दिशेला तोंड करून आहे नेमक्या त्या दिशेनं ते धावत नाही, थोडं तिरकं सरकत जातं. तोंडाची दिशा आणि धावण्याची दिशा यांतल्या या फरकाला आज स्लिप अँगल म्हणतात. मोटारीच्या टायरवरचं आजचं सगळं शास्त्र या कल्पनेवर उभं आहे.

इथे एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. थरथर दोन प्रकारची असते. झोपाळ्याला कुणीतरी तालात ढकलतंय म्हणून तो हलतो, हा एक प्रकार. तोल गेलेलं चाक असंच हलवतं, प्रत्येक फेऱ्याला एक धक्का. दुसरा प्रकार सारंगीचा. सारंगीवर गज एकाच दिशेनं, एकसारखा सरकत असतो. त्याच्यात काही थरथर नसते. तरी तार थरथरते, कारण ती गजाच्या सरळ चालीतून स्वतःच ताकद ओढून घेते. शिमी ही या दुसऱ्या जातीची आहे. विमान सरळ पुढे धावत असतं आणि चाक त्या सरळ धावेतूनच स्वतःच्या थरथरीला खाऊ घालत असतं. म्हणून ‘धक्का कुठून येतोय?’ हा प्रश्न शिमीच्या बाबतीत फसवा ठरतो. धक्का कुठूनच येत नसतो.

विमानाला पुढचं चाक आलं कधी?

मोटारींना पुढची चाकं सुरुवातीपासून होती. विमानांचं तसं नव्हतं. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला चाकंच नव्हती. ते रुळावरून सुटायचं आणि लाकडी घसरपट्ट्यांवर उतरायचं. ग्लेन कर्टिसच्या १९०९ च्या विमानाला पुढे एक आणि मागे दोन अशी तीन चाकं होती. पण ती पद्धत मागे पडली आणि पुढची पंचवीसेक वर्षं उलटी मांडणी चालली. दोन मोठी चाकं पुढे, आणि शेपटाखाली एक घसरकाठी किंवा छोटंसं चाक. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला आणलं ते पस मॉथ विमान याच मांडणीचं.

या मांडणीला कारणं होती. वजन कमी, खडबडीत मैदानावर चालण्यासारखी आणि नाक वर असल्यामुळे पंख्याची पाती जमिनीपासून दूर. पण तिचा एक मोठा दोष होता. विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे येतो. जरा तिरकं धावलं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि विमान गिरकी घेतं. शिवाय नाक वर असल्यामुळे जमिनीवर समोरचं दिसत नाही, आणि ब्रेक जोरात दाबला तर विमान नाकावर उलटतं.

फ्रेड वाइक हा अमेरिकेतल्या नाका या सरकारी विमान-संशोधन संस्थेत, व्हर्जिनियातल्या लँग्ली प्रयोगशाळेत काम करणारा अभियंता. साध्या माणसाला सुरक्षितपणे उडवता येईल असं विमान करायचं हा त्याचा ध्यास होता. त्यानं आणि सहकाऱ्यांनी फावल्या वेळात डब्ल्यू-१ नावाचं एक विमान बांधलं आणि त्याला तीन चाकी मांडणी दिली. पुढे वाइकनंच अर्कूप हे छोटं विमान तयार केलं. ते १९३७ मध्ये पहिल्यांदा उडालं. गुरुत्वमध्य आता मुख्य चाकांच्या पुढे आला. तिरकं उतरलं तरी विमान आपसूक सरळ होऊ लागलं. समोर दिसू लागलं. हळूहळू मोठ्या विमानांनीही ही मांडणी घेतली. बेलचं पी-३९, लॉकहीडचं पी-३८, कन्सॉलिडेटेडचं चार इंजिनांचं बी-२४ लिबरेटर, ही सगळी पुढच्या चाकाची विमानं १९३८ आणि १९३९ या दोन वर्षांत हवेत गेली.

पण या सुखाबरोबर एक भानगड आली. पुढचं चाक वळायला हवं, म्हणून ते एका उभ्या दांड्याभोवती फिरतं ठेवावं लागतं. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं किंवा बाजारातल्या ट्रॉलीचं चाक आठवा. दांडा पुढे आणि चाकाचं टेकणं थोडं मागे, म्हणजे ते ओढलं जाताना सरळ राहतं. आणि त्याच ट्रॉलीचं एक चाक जरा वेगानं ढकललं की वेड्यासारखं थरथरतं, हेही आठवा. शेपटाखालच्या चाकालाही हा त्रास होताच. पण तिथे वजन आणि वेग कमी. आता तेच फिरतं चाक विमानाच्या नाकाखाली आलं.

एक छोटं चाक, अगदी हळू

लँग्लीत तेव्हा आर्थर कँट्रोविट्झ नावाचा विशीतला भौतिकशास्त्रज्ञ काम करत होता. जन्म १९१३ चा. हाच माणूस पुढे अवकाशातून परतणाऱ्या यानांच्या नाकाचं तापमान आणि हृदयाला मदत करणारे फुगे-पंप अशा भलत्याच विषयांत नाव कमावणार होता. पण १९३० च्या दशकाच्या शेवटी त्याच्याकडे विषय होता विमानाच्या फिरत्या चाकाचा. त्याचा अहवाल नाका अहवाल क्रमांक ६८६ म्हणून ओळखला जातो.

मऊ टायरचं छोटं चाक घेऊन त्यानं प्रयोग केले. या प्रयोगांतली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगात दिसली नाही, मंद चालीत दिसली. चाक थोडं तिरकं करून अगदी मुंगीच्या चालीनं पुढे नेलं, तरी ते सरळ होऊन थांबत नाही. ते सरळ होतं, सरळपणाच्या पलीकडे जातं, परत फिरतं, पुन्हा पलीकडे जातं. जमिनीवर त्याची वाट सापासारखी वळत जाते. आणि प्रत्येक वळणाची लांबी ठरलेली असते. वेग दुप्पट करा, निम्मा करा, वळण तेवढ्याच अंतरावर येतं. कँट्रोविट्झनं या प्रकाराला कायनेमॅटिक शिमी असं नाव दिलं.

याचा अर्थ काय होतो बघा. मुंगीच्या चालीत जडत्वाचा प्रश्न येत नाही. तिथे सांध्यात ढिलाई नाही, तोल गेलेला नाही, रस्त्यात खड्डा नाही. तरी चाक डुलतंय. कारण टायर बाजूनं वाकतो आणि त्याचा जमिनीला टेकलेला भाग नेहमी चाकाच्या थोडा मागून, उशिरानं येतो. त्या उशिरातच डुलणं आहे. आता वेग वाढवला की त्यात चाकाचं जडत्व मिसळतं, चाक दर वेळी सरळपणाच्या थोडं जास्तच पलीकडे जातं आणि डुलणं वाढत-वाढत शिमी होते.

म्हणजे नवंकोरं, घट्ट, तोल साधलेलं चाकही शिमी करू शकतं. शिमी हा बिघाडच असतो असं नाही. हवेच्या टायरचं फिरतं चाक मोकळं सोडलं तर ते हेच करणार. म्हणून त्याला कुणीतरी सतत आवरायला हवं. ते कसं आवरायचं याचेही हिशेब कँट्रोविट्झनं मांडले: तेलाचा विरोध किती हवा, कोरडं घर्षण किती हवं. शिवाय चाकाला बाजूला थोडं सरकायची मुभा दिली तरी शिमी टळते, असा एक वेगळाच मार्गही त्यानं सुचवला.

युद्धात तीन बाजूंनी एकच प्रश्न

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि हा प्रश्न गुपचूप तीन देशांत पोचला. जर्मनीत बोरिस फॉन श्लिप्पे आणि रुडॉल्फ डीट्रिच यांनी १९४१ मध्ये हवेच्या चाकाच्या थरथरीवर आपलं काम मांडलं. त्यांनी टायरची कल्पना ताणलेल्या दोरीसारखी केली, जी बाजूनं स्प्रिंगांनी धरलेली आहे. कल्पना साधी होती, पण तिनं टायरच्या त्या उशिराचं गणित बसवता आलं. हा निबंध नाकानं इंग्रजीत आणला तो १९५४ मध्ये. आजही टायरवर शिकणारे विद्यार्थी ताणलेल्या दोरीपासूनच सुरुवात करतात.

सोविएत रशियात मस्तिस्लाव केल्दिश या गणितज्ञानं १९४५ मध्ये तीन चाकी मांडणीतल्या पुढच्या चाकाच्या शिमीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याला १९४६ चं स्टालिन पारितोषिक मिळालं. हाच केल्दिश पुढे सोविएत अवकाश कार्यक्रमाचा प्रमुख सिद्धांतकार आणि तिथल्या विज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला. ज्या देशाला तेव्हा रणगाडे आणि तोफा हव्या होत्या, त्यानं चाकाच्या थरथरीला इतका मोठा मान दिला. तो उगाच नाही. पुढचा पाय मोडला की विमान नाकावर पडतं, पंखा जमिनीत घुसतो आणि शत्रूनं एक गोळीही न झाडता विमान गमावलं जातं.

ब्रिटिशांनी एक व्यवहारी तोडगा काढला. मॉस्किटो, लँकेस्टर यांच्या शेपटाखालच्या चाकाला त्यांनी मधे खोल खाच आणि दोन बाजूंना दोन उंच कडा असलेला टायर बसवला. एकाच चाकाचं दोन जागी टेकणं झालं. वळायचं तर एका कडेला घसरावं लागे, आणि ते घसरणंच थरथरीला आवरत असे. पुढे मोठ्या विमानांत एकाच आसाला जोडलेली दोन जुळी चाकं आली, त्यामागे हाही एक विचार होताच.

पुढच्या चाकाची मोठी विमानं भारतात आली तीही या युद्धामुळे. ब्रिटिशांनी युद्धानंतर कानपूरला बरीच लिबरेटर विमानं मोडीत टाकून, मुद्दाम नासधूस करून सोडली होती. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टनं त्यांतून चांगली निवडून कानपूरला उडण्यापुरती केली आणि जमशेद मुन्शी या वैमानिकानं ती एकेक करून बंगळूरला नेली. नीट दुरुस्त होऊन ती १९४८ पासून भारतीय हवाई दलात आली आणि १९६८ पर्यंत उडाली. लिबरेटरचं पुढचं चाक वैमानिकाच्या हातात नव्हतं, ते मोकळं फिरतं होतं. विमान वळवायचं ते ब्रेकनं आणि इंजिनांच्या जोरानं. जगातल्या काही संग्रहालयांत आज उभी असलेली लिबरेटर भारतातूनच गेलेली आहेत. कुणी कधी पाहायला गेलात तर पंखांबरोबर नाकाखालीही एक नजर टाका.

आपल्या छोट्या विमानांची गोष्ट मात्र वेगळी. १९५१ चं एचटी-२ आणि १९५८ चं पुष्पक ही दोन्ही शेपटाच्या चाकाची. पुष्पकवर आपल्या फ्लाइंग क्लबांतल्या कित्येक वैमानिकांनी हात बसवला. पुढे सेसना १५२, १७२ आल्या. हवाई दलासाठी १९७७ मध्ये उडालेलं एचपीटी-३२ आणि बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचं हंस ही पुढच्या चाकाची. त्यांच्याबरोबर शिमी आपल्या क्लबांच्या हँगरांत कायमची राहायला आली.

पाय स्वतःच पिळतो

१९५४ मध्ये डब्ल्यू. जे. मोरलँडचा एक निबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नावच होतं ‘द स्टोरी ऑफ शिमी’. मोरलँडनं लक्ष टायरवरून पायाकडे वळवलं. डॅम्पर बसतो पायाच्या वरच्या बाजूला. चाक असतं खाली. मधला पाय लोखंडाचा असला तरी तो थोडा पिळतो, थोडा वाकतो. मग डॅम्पर फार ताठ केला तर काय होईल? वरचं टोक जणू कुलूपबंद होईल आणि खालचं चाक पायाच्या पिळातच थरथरेल. डॅम्परला त्याचा पत्ताही लागणार नाही. म्हणजे डॅम्पर जितका कडक तितका चांगला, हा समज खोटा ठरला. तो त्या पायाच्या मानानं नेमका हवा.

१९५७ मध्ये रॉबर्ट स्मायली यानं नाकासाठी हे सगळे वेगवेगळे सिद्धांत शेजारी ठेवून त्यांचा मेळ घातला. आणि १९६६ मध्ये हान्स पासेयका या डच अभियंत्यानं डेल्फ्टला शिमीवर प्रबंध लिहिला. आज मोटारींच्या संगणकात टायरचं वागणं ज्या सूत्रानं मांडतात, ते पुढे त्याच्याच नावानं प्रसिद्ध झालं. १९२५ ते १९६६, चाळीस वर्षं झाली. त्यातून हँगरमधल्या माणसानं घ्यायचा बोध माझ्या मते एकच आहे: डॅम्पर थरथर आवरतो, पण चाकाची हालचाल त्याच्यापर्यंत पोचली तरच. म्हणून आधी चाकापासून डॅम्परपर्यंतचा रस्ता तपासायचा.

हँगरमध्ये

आता हे सेसनाच्या पायावर लावून पाहू. चाकाच्या वर तेल आणि हवेचा दाब असलेला स्ट्रट, म्हणजे धक्के खाणारा पाय. त्याचा वरचा नळा आणि खालचा दांडा एकमेकांत फिरू नयेत म्हणून कात्रीसारखे दोन दुवे असतात, त्यांना टॉर्क लिंक म्हणतात. चाक वळलं की हे दुवे वरच्या कॉलरला वळवतात, आणि कॉलर डॅम्परच्या दांड्याला ढकलते. डॅम्पर म्हणजे तेलानं भरलेली छोटी नळी. आतल्या दट्ट्याला बारीक भोक असतं, तेल त्यातून सावकाश जातं, म्हणून झटका मंदावतो.

टॉर्क लिंकच्या बुशिंग झिजल्या की काय होतं? चाक त्या झिजेच्या आत मोकळं हलतं. तेवढ्या हालचालीपुरता डॅम्परचा दट्ट्या हलतच नाही. शिमी सुरू होते ती अशाच लहान हालचालीतून. तिथे डॅम्पर कितीही नवा असो, तो त्या वेळी विमानाला जोडलेलाच नाही असं समजा.

मध्य भारतातल्या एका फ्लाइंग स्कूलनं मला असंच एकदा बोलावलं. एका ट्रेनरचा डॅम्पर दोनदा बदलून झाला होता, तिसरा मागवायच्या तयारीत होते. शिमी तशीच. शिकणाऱ्या मुलांना सांगितलं जात होतं की या विमानाची ही खोडच आहे, लक्ष देऊ नका. मी आधी मुलांशी बोललो. पहिला प्रश्न: विमान जमिनीवरून सुटल्यावर थरथर चालू राहते का? चालू राहिली तर ती शिमी नव्हे, कारण शिमीला जमीन लागते. हवेत स्वतःशी फिरणारं चाक थरथरवत असेल तर तोल गेलाय. मुख्य चाक असेल तर ब्रेकला पाय लावताच थांबेल. दुसरा: इंजिनाचे फेरे कमी-जास्त केल्यावर बदलते का? बदलत असेल तर पंख्याकडे आणि इंजिनाच्या माउंटकडे बघा. तिसरा: कंट्रोल मागे ओढून नाकावरचा भार कमी केला की कमी होते का? होत असेल तर पुढचं चाक नक्की.

तिन्ही उत्तरं शिमीकडे बोट दाखवत होती. मग शेपूट खाली दाबून, नीट वजन लावून नाक उचललं. इथे मुलांना मी बजावतो, शेपटाच्या आडव्या पंखावर जोर देऊ नका, तो त्यासाठी नाही. मॅन्युअलनं सांगितलेल्या जागीच दाबा. चाक हातानं फिरवलं. टायरवर एक चपटा डाग होता, कधीतरी घासत गेलेला. चाक आडवं हलवून बेअरिंग पाहिलं, ते ठीक होतं. मग चाक दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलकं वळवलं आणि दुसऱ्या माणसाला कॉलरवर बोट ठेवायला सांगितलं. चाक हललं, कॉलर हलली नाही. पुन्हा हललं, पुन्हा नाही. टॉर्क लिंकच्या बुशिंग संपल्या होत्या.

बुशिंग आणि बोल्ट नवे घातले, टायर बदलला. स्ट्रटचं तेल आणि हवा मॅन्युअलप्रमाणे केली. सगळ्यात शेवटी डॅम्पर काढला. त्याचा दांडा हातानं सावकाश आत-बाहेर केला. विरोध दोन्हीकडे सारखा लागायला हवा, मधे कुठेही मोकळी जागा लागता कामा नये. मोकळी लागली तर आत हवा आहे. तेलात बुडवून, दांडा हलवत-हलवत हवा काढून तो भरायचा असतो. तो भरला आणि तोच परत बसवला. शिमी गेली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. पाय जिथे फायरवॉलला, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला जोडलेला असतो, तिथे पत्र्याला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. दोन डॅम्परच्या काळात ती थरथर रोज त्या पत्र्यावर काम करत होती. ते विमान पुढे बराच काळ पत्र्याच्या कामासाठी उभं राहिलं. मुलांचे तास अडकले. थोड्याशा बुशिंगच्या जागी किती मोठी किंमत गेली याचा हिशेब तुम्हीच करा. आणि ती बरी वेळ म्हणायची. पाय उतरताना दुमडला असता तर पंखा जमिनीला लागला असता, आणि मग इंजिन उघडून तपासण्यावाचून गत्यंतर नसतं.

म्हणून माझा क्रम असा: आधी वैमानिकाला विचारा. मग टायर, त्याची हवा, गोलाई आणि तोल. मग बेअरिंग. मग टॉर्क लिंक. मग स्ट्रट आणि स्टिअरिंगचे दुवे. मग डॅम्पर, आणि त्याच्या जोडणीची भोकं लांबट झाली आहेत का तेही. शेवटी फायरवॉल पाहिल्याशिवाय विमान सोडू नका. आकडे आणि मर्यादा तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमधून घ्या, माझ्या भाषणातून नव्हे.

वैमानिक मुलामुलींसाठी दोन शब्द. शिमी झाली तर कंट्रोल मागे ओढून नाकावरचा भार हलका करा आणि वेग उतरू द्या. मुख्य चाकांवर उतरा, नाक जमेल तितकं उशिरा आणि अलगद टेकवा. वेगात नाक दाबून धरणं म्हणजे शिमीला घरी बोलावणं. आणि उतरल्यावर ती लॉगबुकात लिहा. ‘लँडिंगला व्हायब्रेशन’ एवढंच नको. किती वेगाला, टेकताच की धावताना, सुटल्यावर राहिली की थांबली, हे लिहा. कँट्रोविट्झनंही चाक हळू चालवून नीट पाहिलं, तेव्हा त्याला ते सापडलं. तुमच्या दोन ओळी खालच्या माणसाला तेच करायला मदत करतात.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर, जिथून कुठून पाहत किंवा वाचत असाल, तुमच्या जवळच्या क्लबात या विषयाचे अनुभव असतील तर जरूर कळवा. पुढच्या भागात आपण याच पायाच्या वरच्या अर्ध्याकडे जाऊ: तेल आणि हवा एकत्र घालून धक्का खाणारा स्ट्रट आला कुठून, आणि त्याआधी विमानं रबराच्या दोऱ्यांवर कशी उतरत होती. भेटू या.